भाकरीच्या डब्यात मावेल एवढं कार्ड

अबोलीने पिशवीतून भाकरीचा डबा काढून काउंटरवर ठेवला, तेव्हा अभिरामला वाटलं, मॅडम आता जेवायला बसतात की काय. नवीन पनवेलमधल्या त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात लोक काय वाटेल ते घेऊन येत. चहा सांडलेले लॅपटॉप, मुंग्या झालेले कीबोर्ड. एका गृहस्थांच्या सीपीयूत तर पालीचं अख्खं बिऱ्हाड निघालं होतं. पण ग्राफिक्स कार्ड घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने सोबत भाकरीचा डबा आणावा, हे सात वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"यात बसेल असं दाखवा," अबोली म्हणाली.

अभिरामने डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मॅडम, कार्ड कॅबिनेटमध्ये बसतं."

"कॅबिनेटमध्ये बसेलच. आधी यात बसलं पाहिजे."

गेला अर्धा तास त्याने बिचाऱ्याने घसा कोरडा केला होता. तीन कार्डं खोक्यांतून काढून तिच्यापुढे मांडली होती. एक तीन पंख्यांचं, चांगलं हातभर लांब, सोळा जीबी मेमरीचं. दुसरं त्याहून जरा कमी. तिसरं आखूड, दोनच पंख्यांचं, आठ जीबीचं. हे तिसरं त्याने फक्त पहिलं किती भारी आहे हे कळावं म्हणून काढलं होतं, जसं साडीच्या दुकानात नको असलेली साडी आधी दाखवतात. 'विंटर फेरी' या गेमचा तिसरा भाग कालच आला होता आणि कालपासून त्याने अशी चार मोठी कार्डं विकली होती. बर्फ काय दिसतो, पाण्यात कंदिलाचा उजेड कसा हलतो, हे त्याने तिला मोठ्या स्क्रीनवर लावून दाखवलं होतं. आणि ही बाई त्या उजेडाकडे अशी बघत बसली होती की त्याला वाटलं, आता मोठंच घेणार. तर तिने डबा काढला.

अभिरामने निमूटपणे टेप घेतली आणि डब्याची आतली रुंदी मोजली. साडेनऊ इंच. मोठं कार्ड तेरा इंच, मधलं अकरा. आखूड कार्ड त्याने आडवं धरून डब्यात ठेवून बघितलं. ते बसलं, आणि बाजूला मूठभर जागा उरली.

"हेच द्या," अबोली म्हणाली.

"मॅडम, मी सांगतो ते ऐका. हे आज मीडियम सेटिंगवर चालेल. दोन-तीन वर्षांत नवीन गेम आला की रडायला लागेल. तुमच्या बजेटमध्ये मधलं आरामात येतंय. टेन्शन काय आहे?"

"मला दुसरा कुठला गेम खेळायचाच नाही," ती म्हणाली.

अभिरामने आखूड कार्ड खोक्यात परत घातलं. बिल करता करता त्याने एवढंच बजावलं की सात दिवसांच्या आत कार्ड लावून, चालवून बघा. काही फॉल्ट निघाला तर लगेच बदलून देईन. सात दिवसांनंतर कंपनीकडे पाठवावं लागतं आणि मग दोन महिने विसरा. अबोलीने मान हलवली. तिचं लक्ष डब्याच्या झाकणावर होतं. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं: सौ. गोजरा हरेश घरत.

अबोलीचं आडनाव घरत नव्हतं. तिच्या आईचं नाव गीतांजली होतं. आणि हा डबा नऊ वर्षं त्यांच्या खांदेश्वरच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या सर्वांत वरच्या फळीवर, पालथा पडून होता.

गोजरा म्हणजे उन्नतीची आई. आणि उन्नती म्हणजे अबोलीची कोण, हे एका शब्दात सांगायची सोय नाही. मैत्रीण म्हणावं तर मैत्रिणी अबोलीला पुष्कळ होत्या. त्यांच्या लग्नांना ती गेली होती, त्यांच्या बारशांना तिने झबली दिली होती. उन्नती ही एकच होती, जिची तिला गेली नऊ वर्षं रोज आठवण यायची आणि जी रोज साधारण दोन किलोमीटरवर राहत होती.

दोघी कॉलेजात एका बाकावर आल्या त्या योगायोगाने. अबोली सिडकोच्या बिल्डिंगमधली, बाप बँकेत, घरात सगळं वेळच्या वेळी. उन्नती खाडीच्या बांधालगतच्या गावातली, बाप हरेश दिवसा विटा-रेतीचा धंदा करणारा आणि उधाणाला सगळं सोडून खाडीत जाळी लावणारा. दोघींना गेम खेळायचं वेड आहे हे एकमेकींना कळलं तेव्हा दोघींना सारखंच हायसं वाटलं. कारण त्या काळी मुलींनी असलं वेड सांगायची पद्धत नव्हती. मुलगे हसत.

'विंटर फेरी' हा गेम दोघींनी खेळायचा होता. एकच कॉम्प्युटर, एकच कीबोर्ड, त्याच्यावर दोघींचे चार हात. गोठत चाललेल्या नदीवर दोन बहिणी माणसांना होडीतून पैलतीरी पोचवतात. एक वल्हवते, दुसरी कंदील धरते. कंदील जिकडे फिरेल तेवढंच पाणी दिसतं, बाकी काळोख. अबोली डावीकडे बसून वल्हवायची. उन्नती उजव्या खुर्चीत, तिच्याकडे कंदील. आणि उन्नती कंदील धरण्यात इतकी बेकार होती की तसं माणूस शोधून सापडलं नसतं. ऐन खडकापाशी तिला किनाऱ्यावरचा कोल्हा दिसायचा आणि ती कंदील तिकडे फिरवायची. होडी फुटायची. दोघी हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

घरी दोघींचे कॉम्प्युटर होते, पण ग्राफिक्स कार्ड एकीकडेही धड नव्हतं. म्हणून दोघींनी मिळून एक घेतलं. मग प्रश्न आला, ते राहणार कुणाकडे. तो उन्नतीने चुटकीसरशी सोडवला.

उन्नतीच्या घरी दिवस पाण्यावर मोजत. अमावास्या आणि पुनवेच्या आसपास उधाण, पाणी चढतं, घरातले पुरुष खाडीवर. ओटीवर ओली जाळी, टोपल्या, येणारी-जाणारी माणसं, सगळीकडे खारं पाणी. अष्टमीच्या सुमाराला भांग. पाणी मलूल पडतं, जाळी वाळतात, घर शांत. तेव्हा ठरलं ते असं: उधाणात कार्ड अबोलीकडे, भांगाला उन्नतीकडे. जिच्याकडे कार्ड, तिच्या घरी दुसरीने जायचं. आणि 'विंटर फेरी' खेळायचा तो दोघींनीच. बाकी गेम ज्याचे त्याने.

कार्ड न्यायचं कशात, तर गोजराकाकीच्या भाकरीच्या डब्यात. काकीने कुरकुर केली, पण दिला. आणि खाडीच्या हवेत कार्डाला ओल धरू नये म्हणून उन्नती त्यात फडक्यात बांधून मूठभर तांदूळ टाकायची. अडीच वर्षं तो डबा स्कूटरच्या पुढच्या हुकाला लटकून गाव ते खांदेश्वर आणि खांदेश्वर ते गाव असा फिरला. अबोलीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिथीचे बारीक आकडे छापलेले असत. ते बघायची सवय तिला तेव्हा लागली. तिची आई म्हणायची, एकादशीचा उपास नाही करत आणि तिथ्या मात्र तोंडपाठ.

मग गेमचा दुसरा भाग आला. शेवटचं वर्ष होतं. दोघी शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचल्या आणि उधाण लागलं. कार्ड अबोलीकडे आलं. नेमकी त्याच आठवड्यात हरेशकाकांची जाळी भरभरून यायला लागली आणि उन्नतीला घरातून हलता येईना. पहिला दिवस अबोलीने दम धरला. दुसरा धरला. तिसऱ्या दिवशी तिला काय झालं, हे तिला आजही नीट सांगता येत नाही. गेममध्ये एक सोय होती. दुसरा खेळाडू नसेल तर त्याच्या जागी कॉम्प्युटर खेळायचा. अबोलीने ती सोय वापरली. कॉम्प्युटरने कंदील धरला, अबोलीने वल्हवलं, आणि एका दुपारी तिने एकटीने गेम संपवला.

एवढंच असतं तर निभावलं असतं. पण भांग लागल्यावर डबा घेऊन ती उन्नतीकडे गेली आणि काहीच बोलली नाही. शेवटचं प्रकरण जणू पहिल्यांदाच बघते आहे अशी बसली. आश्चर्याने हंऽ वगैरे केलं. उन्नतीने जिथे ओरडायचं तिथे तीही ओरडली. शेवटी पडद्यावर त्या दोन बहिणी काठावर एकमेकींना टेकून बसल्या, तेव्हा उन्नतीने काही म्हटलं नाही. अबोलीला वाटलं, भारावली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्नती स्कूटरवरून आली. भांगाचे चार दिवस अजून बाकी होते, म्हणजे पाळी तिची होती. तिने डबा अबोलीच्या हातात दिला. "राहू दे तुझ्याकडंच," म्हणाली आणि स्कूटर वळवून गेली.

तिला कसं कळलं, हे अबोलीला समजलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. पहिले आठ दिवस तिला राग आला, की एवढ्याशा गोष्टीवरून कसला हा ताठा. पुढचे आठ दिवस लाज वाटली. आणि मग परीक्षा, मग नोकरी, मग नऊ वर्षं. जुनं कार्ड कधीच जळून गेलं. डबा राहिला.

डब्याचं दुखणं वेगळंच होतं. दुसऱ्याच्या घरचा डबा रिकामा परत देत नाहीत, हे अबोलीच्या आईचं ठाम मत. दर दिवाळीला गीतांजलीबाई म्हणायच्या, "त्या घरतांचा डबा देऊन ये गं. चकल्या घाल त्यात." अबोली चकल्या घालायची. डबा दोन-तीन दिवस दाराजवळच्या स्टुलावर बसायचा. मग चकल्या घरातलीच माणसं खायची आणि डबा धुऊन पुन्हा फळीवर जायचा. चकल्या घेऊन त्या दारात कसं उभं राहायचं, हेच अबोलीला कळायचं नाही. त्या डब्यात काय असायला हवं हे उन्नतीला माहीत होतं आणि तिलाही.

उन्नती अधूनमधून दिसायची. गावातलं जुनं घर पाडून त्यांनी चार मजले चढवले होते, भाडेकरू ठेवले होते, तळमजल्यावर टाइल्सचं दुकान काढलं होतं. ते उन्नती चालवायची. स्टेशनच्या पुलाखाली कधी तिची स्कूटर आडवी जायची. दोघी माना हलवायच्या. ते मान हलवणं इतकं सभ्य असायचं की अबोलीला घरी येऊन रडू यायचं. मोबाईलवर उन्नतीचा नंबर होता. वाढदिवसाला ती मेसेज लिहायची, वाचायची, पुसून टाकायची. तिला उन्नती हवी होती. उजव्या खुर्चीत बसून चुकीच्या जागी कंदील फिरवणारी.

मागच्या महिन्यात द्रोणागिरीला, ती नोकरी करायची त्या गोदामाच्या ऑफिसात डबा खाताना तिने मोबाईलवर तिसऱ्या भागाची जाहिरात बघितली. त्या दोन बहिणी आता मोठ्या झाल्या होत्या. एकीचे केस पांढरे झाले होते. दोघी नदीच्या दोन वेगवेगळ्या काठांवर राहत होत्या आणि होडी मधोमध बर्फात अडकून पडली होती. बाहेर कंटेनर उचलणारी क्रेन कर्कश वाजत होती आणि अबोलीने अर्धा डबा तसाच झाकून ठेवला.

घरी येऊन तिने फळीवरचा डबा काढला, चिंचेने घासला, आणि तेव्हाच ठरलं की कार्ड कुठलं घ्यायचं. इंटरनेटवर लोक कुठल्या कार्डाने किती फ्रेम येतात यावर एकमेकांचे गळे धरत होते. अबोलीचा प्रश्न साडेनऊ इंचांचा होता.

अभिरामकडून कार्ड घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ती रिक्षा करून गावात गेली. गेम तिने कॉम्प्युटरवर उतरवून ठेवला होता, पण उघडला नव्हता. कार्ड खोक्यातून काढून, त्याच्या चंदेरी पिशवीसकट डब्यात ठेवलं होतं. डबा मांडीवर होता. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "पूजा हाय काय ताई?" ती म्हणाली, तसंच काहीसं.

टाइल्सचं दुकान बंद होतं. शेजारच्या जिन्यापाशी दोन ओल्या टोपल्या उपड्या टाकल्या होत्या. भिंतीला जाळं टेकवलं होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. गोजराकाकी पाटावर बसून कोळंबी सोलत होत्या. अबोली हे सगळं ओलांडून पुढे गेली. तिच्या डोळ्यांना ते दिसलं, डोक्यापर्यंत पोचलं नाही.

"कोन गो?" काकींनी मान वर केली. मग नजर तिच्या हातातल्या डब्यावर गेली आणि त्यांचे कोळंबीचे हात थांबले. "माजा डबा," त्या म्हणाल्या. "अगो, माज्या लग्नातला डबा हाय त्यो. उन्नती, ए उन्नती, बग कोन आयलीय."

उन्नती जिन्यावरून उतरली. केस वर बांधलेले, कपाळावर चष्मा, हातात भाडेकरूंच्या विजेच्या बिलांचा गठ्ठा. अबोलीला बघून ती शेवटच्या पायरीवर थांबली. ना हसली, ना रागावली. काकींनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा अबोलीकडे, आणि कोळंबीचं ताट उचलून त्या आत गेल्या.

अबोलीने रात्रभर वाक्यं जुळवली होती. ती सगळी ऐन वेळी पसार झाली. तिने नुसता डबा पुढे केला.

उन्नतीने तो घेतला. बिलं पायरीवर ठेवली, झाकण काढलं. चंदेरी पिशवी थोडी उघडून आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"डब्याच्या मापाचं घेतलंस," ती म्हणाली.

"हो."

"याच्यापेक्षा मोठं घ्यायचं ना. तिसऱ्या भागाला कमीच पडंल हे."

म्हणजे तिला तिसऱ्या भागाचं माहीत होतं. अबोली म्हणाली, "मीडियमवर चालेल म्हणाला दुकानवाला."

"तू उघडलास गेम?"

"नाही." आणि मग, आता नाही तर कधीच नाही हे कळून, अबोली म्हणाली, "तेव्हा मी उघडला होता. दुसऱ्या भागाचा शेवट. एकटीने. तुला न सांगता."

"माहीत हाय."

"कसं कळलं तुला?"

उन्नती पायरीवर बसली. डबा तिच्या मांडीवर. "शेवटच्या वळनावर खडक होता. मी कंदील कोल्ह्याकडं फिरवलेला. खडक दिसतच नवता. आनि तू होडी बरोब्बर वळवलीस. काळोखात." तिने झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. "अडीच वर्षांत आपली होडी कवा न फुटता असल्या वळनावरून गेलीय? तवाच समजली."

अबोली उभीच होती. उन्नती तिला बस म्हणाली नाही.

"तू बघितलास त्याचं मना काय नाय," उन्नती पुढे म्हणाली. "हावरट तू पयल्यापासून हायस. पन माझ्या जागंवर मशीन बसवलीस. आनि मंग माझ्या शेजारी बसून नाटक केलंस. मी किती ओरडत होते, आठवतंय? तू पन ओरडत होतीस. खोटं."

सगळं खरं होतं. नऊ वर्षं तिने मनात या क्षणाची रंगीत तालीम केली होती आणि त्यात प्रत्येक वेळी तिच्याकडे काहीतरी सबब असायची. आता इथे, ओल्या टोपल्यांच्या वासात, एकही सबब सापडेना.

"मशीन कसा धरायचा कंदील?" उन्नतीने अचानक विचारलं.

"नीट. एकदाही चुकला नाही."

"मंग?"

"मग काय. एका दुपारी संपला. मी एकदाही हसले नाही." अबोलीचा आवाज फाटला. "मला तुझी फार आठवण येते, उन्नती. रोज येते."

उन्नतीने चष्मा कपाळावरून काढला, कुर्त्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा कपाळावरच ठेवला. आतून काकींच्या भांड्यांचा आवाज येत होता. तो जरा जास्तच हळू येत होता, म्हणजे त्या ऐकत होत्या.

"आज तिथ कोनती?" उन्नतीने विचारलं.

अबोली गोंधळली. नऊ वर्षांत तिने कॅलेंडरवरचे ते बारीक आकडे बघितले नव्हते. तिला शुक्रवार माहीत होता, कारण गेम शुक्रवारी आला. तिला शनिवार माहीत होता, कारण शनिवारी दुकान उघडं होतं. तिने रविवार धरला, कारण रविवारी सुट्टी.

"काल पुनव झाली," उन्नती म्हणाली. "बाहेर जाळं ठिबकतंय ते दिसलं नाय तुला? बाबा पहाटंच आले खाडीवरून. उधान हाय." तिने चंदेरी पिशवी नीट दुमडली आणि झाकण लावलं. "उधानात कार्ड इकडं कशाला आनलंस? पाळी तुझी हाय."

आणि तिने डबा अबोलीच्या हातात परत दिला.

अबोलीला आपण कुठे उभ्या आहोत ते क्षणभर कळेना. डबा जड लागला. चिंचेने घासलेल्या पितळेत तिला स्वतःचंच तोंड दिसत होतं, रुंद आणि वेडंवाकडं. परत दिला म्हणजे नको म्हणाली. नऊ वर्षांपूर्वीही असाच दिला होता. ती वळली. टोपल्यांपर्यंत गेली.

"थांब जरा," मागून उन्नती म्हणाली.

ती आत गेली. डब्याडुब्यांचा आवाज झाला, काकी काहीतरी पुटपुटल्या. उन्नती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती. तिने अबोलीच्या हातातल्या डब्याचं झाकण उघडलं आणि कार्डाच्या बाजूला, जिथे मूठभर जागा उरली होती तिथे, पुरचुंडी बसवली.

"तांदूल घालायचं विसरलीस," ती म्हणाली. "पुढल्या रविवारी अष्टमी हाय. भांगाला आन. मंग बगू खेलायचं का नाय ते. आज मी काय सांगत नाय."

ती वर निघून गेली. पायरीवर बिलं तशीच राहिली.

घरी आल्यावर अबोलीने पहिलं काम केलं ते कॅलेंडर बघण्याचं. अष्टमी रविवारीच होती. मग तिने डबा टेबलावर ठेवला आणि समोर बसली. कॉम्प्युटरवर गेमचं चित्र होतं, दोन काठ आणि मधे अडकलेली होडी. कार्ड बसवायला दहा मिनिटं लागली असती. पाळी तिचीच होती, कुणी नको म्हटलं नसतं. आणि 'दुसऱ्या खेळाडूच्या जागी कॉम्प्युटर' ही सोय या भागातही होती, जाहिरातीत ठळक लिहिलं होतं.

सोमवारी ती ऑफिसातून आली आणि तिने डब्याचं झाकण उघडून तांदूळ बघितले. मंगळवारीही बघितले. बुधवारी आईने विचारलं, "अगं, तो डबा द्यायला गेली होतीस ना? परत कसा आला?" अबोली म्हणाली, "भरून आला." गीतांजलीबाईंनी आत डोकावून बघितलं, कार्ड बघितलं, पुरचुंडी बघितली. त्यांनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि कुकर लावायला गेल्या.

गुरुवार सगळ्यात अवघड गेला. ऑफिसातल्या एकाने गेम संपवला होता आणि तो शेवट सांगायला टपला होता. अबोली जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन उठून गेली.

शुक्रवारी संध्याकाळी अभिरामचा फोन आला. "मॅडम, कार्ड कसं चालतंय? उद्या सात दिवस होतील. काही फॉल्ट असेल तर आत्ताच बोला, नंतर माझ्या हातात नाही."

"अजून लावलं नाही."

"लावलं नाही?" अभिरामला हे झेपेना. "अहो, गेम येऊन आठवडा झाला. सगळे संपवून बसले. उद्याच्या उद्या लावून बघा तरी. पाच मिनिटं चालू करा, बंद करा. तुमच्याच फायद्याचं सांगतोय."

पाच मिनिटं. अबोलीने डब्याकडे बघितलं. अभिराम बरोबर बोलत होता. कार्ड बिघडलेलं निघालं तर दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत उन्नतीचं मन कुठे असेल, कोण जाणे. रविवारी नेऊनही ती नको म्हणू शकते. दारच उघडणार नाही, असंही होऊ शकतं. पण पाच मिनिटं चालू करायचं म्हणजे ती होडी, तो कंदील, एकटीने. उजवी खुर्ची रिकामी.

"रविवारी लावेन," ती म्हणाली.

"रविवारी का पण? मधे काय आहे एवढं?"

"उधाण आहे," अबोली म्हणाली.

पलीकडून अभिराम "ठीक आहे मॅडम, जशी तुमची मर्जी," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

अबोलीने कॉम्प्युटर बंद केला. आतल्या खोलीतून दुसरी खुर्ची आणली आणि आपल्या खुर्चीच्या उजवीकडे लावली. तिच्यावर डबा ठेवला, नाव कोरलेलं झाकण वर करून. मग ती डाव्या खुर्चीत बसली. अष्टमीला अजून दोन दिवस होते.